गुमान, यकीन आणि एका कणाचे वस्तुमान



एखाद्या विचारावर आपला विश्वास बसलेला असतो. तो सुंदर असतो, सुसंगत असतो, आपल्या अनेक अडचणींचे उत्तर त्यात दडलेले असते. मात्र जिथे त्याचा पुरावा मिळायला हवा, तिथे तो मिळत नाही. अशा वेळी त्या विचारात थोडी भर घालून तो सावरावा, की त्याचा आग्रह सोडावा? आणि सावरायचा असेल, तर कुठवर? हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राचा वाटतो. परंतु तो अमानतीचाही प्रश्न आहे. सत्य ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे, असे मानणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही.

या प्रश्नाचे आपल्या काळातील एक ठळक उदाहरण भौतिकशास्त्रात घडले आहे. ते थोडे कठीण आहे, पण कृपया धीराने वाचावे.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहरालगत, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवर २७ किलोमीटर परिघाचा एक वर्तुळाकार बोगदा आहे. ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने त्यात उभारलेल्या ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’ या यंत्रात प्रोटॉनचे झोत प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवले जातात. ४ जुलै २०१२ रोजी तेथील ‘ॲटलस’ आणि ‘सीएमएस’ या दोन प्रयोगांनी एका नव्या कणाचा शोध जाहीर केला. १९६४ साली पीटर हिग्ज, फ्रांस्वा आंग्लेर आणि रॉबर्ट ब्राउट यांनी मांडलेल्या विचारातून ज्याची अपेक्षा निर्माण झाली होती, तो हाच हिग्ज बोसॉन. ‘बोसॉन’ हा शब्द आपल्या देशातील सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला आहे, आणि सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी आहेत. या कणाचे वस्तुमान मोजले गेले ते सुमारे १२५ जीईव्ही, म्हणजे एका प्रोटॉनच्या जवळजवळ १३३ पट.

ही संख्या शास्त्रज्ञांना अस्वस्थ करते. पुंजभौतिकीच्या गणितानुसार, निसर्गात आणखी फार उच्च ऊर्जेच्या घडामोडी असतील तर त्यांचा परिणाम हिग्जच्या वस्तुमानावर व्हायला हवा आणि ते कोट्यवधी पटींनी वाढायला हवे. ते इतके लहान कसे राहिले? एक कल्पना करा. एखाद्या व्यापाऱ्याच्या वहीत जमेच्या बाजूस चौतीस अंकी रक्कम आहे, खर्चाच्या बाजूसही चौतीस अंकी रक्कम आहे, आणि वजाबाकी केल्यावर शिल्लक उरते ती अवघे काही रुपये. हे निव्वळ योगायोगाने घडले असे कोणी सांगितले, तर आपण मानणार नाही. जमेच्या प्रत्येक नोंदीसमोर खर्चाची तेवढीच नोंद आहे, असा काही नियम त्या वहीत असला पाहिजे, असे आपण म्हणू.

सुपरसिमेट्री नावाचा सिद्धान्त नेमका असा नियम सुचवतो. १९७०च्या दशकात त्याची मांडणी झाली. निसर्गातील कणांचे दोन मोठे वर्ग आहेत, फर्मिऑन आणि बोसॉन. सुपरसिमेट्री म्हणते की, प्रत्येक फर्मिऑनला एक बोसॉन जोडीदार आहे आणि प्रत्येक बोसॉनला एक फर्मिऑन जोडीदार आहे. दोघांचे परिणाम परस्परविरुद्ध असल्यामुळे ते एकमेकांना छेद देतात आणि हिग्जचे वस्तुमान आवाक्यात राहते. याच सिद्धान्तातून विश्वातील अदृश्य द्रव्यासाठी एक योग्य कण मिळू शकतो, आणि निसर्गातील तीन बले अतिउच्च ऊर्जेला एकाच मूल्याशी येऊन मिळतात असेही दिसते. इतक्या प्रश्नांची उत्तरे एका नियमात मिळाल्यावर अनेक विद्वान त्याच्याकडे आकर्षिले गेले, यात नवल नाही.

आता वस्तुमानाची गोष्ट. या सिद्धान्ताच्या सर्वांत साध्या प्रारूपात हिग्जचे वस्तुमान मनाला येईल ते घेता येत नाही. पहिल्या पायरीच्या गणितात सर्वांत हलका हिग्ज हा ‘झेड’ नावाच्या कणापेक्षा, म्हणजे सुमारे ९१ जीईव्हीपेक्षा, जड असू शकत नाही. ही सिद्धान्ताची प्रामाणिक बाजू होती, कारण त्याने स्वतःला एका आकड्याशी बांधून घेतले होते. १९९१ साली अनेक अभ्यासकांनी पुढच्या पायरीचे गणित केले, तेव्हा टॉप क्वार्क आणि त्याचा जोडीदार यांच्या परिणामामुळे ही मर्यादा साधारण १३० ते १३५पर्यंत वर सरकते, असे आढळले. याच बोगद्यात २०००पर्यंत चाललेल्या आधीच्या यंत्राला सुमारे ११४ जीईव्हीपर्यंत हिग्ज दिसला नव्हता. अखेर तो सापडला १२५ला. म्हणजे मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

काठावर असण्याची किंमत मोजावी लागते. साध्या प्रारूपात १२५पर्यंत पोहोचायचे, तर टॉप क्वार्कचा जोडीदार बराच जड मानावा लागतो किंवा काही मूल्ये मुद्दाम जुळवून घ्यावी लागतात. पण जोडीदार जितका जड, तितका जमाखर्चाचा मेळ बिघडतो, आणि ज्या अडचणीतून सुटण्यासाठी सिद्धान्त मांडला तीच मागच्या दाराने परत येते. म्हणून विस्तार सुचवले गेले. एका विस्तारात एक अधिक क्षेत्र जोडले जाते. त्यामुळे हिग्जचे वस्तुमान पहिल्याच पायरीवर वाढते आणि पाचाऐवजी सात हिग्ज कण मानावे लागतात. दुसऱ्या प्रकारात नवे बल जोडले जाते. ‘विभाजित सुपरसिमेट्री’ नावाच्या २००४ सालच्या मांडणीने तर वस्तुमान आवाक्यात ठेवण्याचे मूळ उद्दिष्टच उघडपणे सोडून दिले. आणि या सर्व काळात प्रयोगांमध्ये एकही जोडीदार कण सापडलेला नाही. काही जोडीदारांसाठी शोधाची सीमा आता प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या दोन हजार पटींपलीकडे गेली आहे. ‘अजून थोडा जड असेल’ असे म्हणण्याची सोय मात्र कायम आहे.

वाचकहो, येथे दोन घाईचे निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला असा की, हे लोक हट्टी आहेत, पडक्या भिंतीला टेकू लावत बसले आहेत. इतिहास इतका सरळ नाही. युरेनस ग्रहाची गती गणिताशी जुळत नव्हती, तेव्हा फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम टाकून दिला नाही. एका न दिसलेल्या ग्रहाची भर घातली आणि त्याची जागा सांगितली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण तिकडे वळवली गेली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे याच ल व्हेरिए यांनी बुध ग्रहाच्या गतीतील तफावत पाहून आणखी एक अदृश्य ग्रह मानला. त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला तेव्हा ती तफावत आपोआप सुटली. माणूस तोच, पद्धत तीच. एकदा भर घालणे योग्य ठरले, एकदा अयोग्य. म्हणून भर घालणे हा मुळात दोष नाही.

आपल्या परंपरेतही याचा दाखला आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमवी मशिदीत नमाजांच्या वेळा निश्चित करण्याचे काम करणारे इब्न अल-शातिर हे मोठे खगोलज्ञ होते. टॉलेमीच्या ग्रहगणितातील विसंगती त्यांना खुपत होत्या. त्यांनी पृथ्वी केंद्रस्थानीच ठेवली, पण वर्तुळांची रचना नव्याने केली. पृथ्वी केंद्रस्थानी नाही हे पुढे सिद्ध झाले. तरी चंद्राच्या गतीची त्यांची रचना सुमारे दोन शतकांनंतर कोपर्निकसच्या ग्रंथात तशीच आढळते. मूळ चौकट सुटली, पण प्रामाणिक श्रम वाया गेले नाहीत.

मग योग्य भर आणि अयोग्य भर यांत फरक कसा करावा? मला तीन कसोट्या दिसतात. पहिली: नव्या भरीने काही नवे सांगितले का, जे अन्यत्र तपासता येईल? नेपच्यूनची भर आकाशातील एका ठिकाणाकडे बोट दाखवत होती. दुसरी: ज्या कारणासाठी मूळ विचार स्वीकारला, ते कारण भर घातल्यावर शिल्लक राहते का? तिसरी, आणि सर्वांत कठीण: काय घडले तर मी हा विचार सोडेन, हे मी आधी सांगितले आहे का?

तिसऱ्या कसोटीचे एक उदाहरण सांगतो. २००० साली कोपनहेगन येथे काही भौतिकशास्त्रज्ञांनी सुपरसिमेट्रीचा कण ठरावीक मुदतीत सापडेल की नाही, यावर लेखी पैज लावली. २०११मध्ये मुदत वाढवण्यात आली. २०१६मध्ये ती संपली, आणि ‘सापडेल’ म्हणणाऱ्यांनी हार मान्य केली. पैज आपल्यासाठी वर्ज्य आहे, तिचे अनुकरण करायचे नाही. तथापि आपण कधी हरलो असे समजावे, हे आधी लिहून ठेवण्यात जो प्रामाणिकपणा आहे, तो पैजेविनाही प्रत्येकाला पाळता येतो.

दुसरा घाईचा निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे आणि तो अधिक घातक आहे. आपल्या मोबाइलवर असे संदेश येतात की, अमुक शोधाने पवित्र कुरआनची अमुक आयत सिद्ध झाली. सूरह जारियात (५१:४९) आणि सूरह यासीन (३६:३६) यांमध्ये अल्लाहने वस्तू जोड्यांनी निर्माण केल्याचा उल्लेख आहे. त्यावरून कोणी सहज म्हणेल की, पाहा, प्रत्येक कणाला जोडीदार असल्याचे आधुनिक विज्ञानही सांगते! ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. पण थोडे थांबून विचार करा. आजवर असा एकही जोडीदार कण सापडलेला नाही. उद्या हा सिद्धान्त पूर्णपणे सोडून दिला गेला, तर आयत खोटी ठरली असे आपण म्हणणार आहोत का? नऊजुबिल्लाह, कदापि नाही. मग ती त्या सिद्धान्ताच्या खुंटीला बांधली कोणी? आपणच. आणि खुंटी उपटली गेल्यावर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्याच मुलाच्या मनात जी पोकळी निर्माण होईल, तिची जबाबदारीही आपलीच.

याबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदर्श आपल्यासमोर आहे. त्यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. जरा त्या क्षणाचा विचार करा. समोर दुःखी पिता आहे; लोकांच्या समजुतीने त्यांचीच थोरवी वाढत आहे; कोणी खोटे बोलायला सांगत नाही, केवळ मौन पुरेसे आहे. सहीह हदीसमध्ये येते की, प्रेषितांनी (स.) मौन बाळगले नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, हे त्यांनी लोकांना स्पष्टपणे समजावले आणि नमाज व प्रार्थनेकडे वळवले. ईमानला बळकटी देणारा भासणारा, पण खोटा आधार त्यांनी स्वतःच्या हाताने दूर केला. यानंतर दीनच्या नावावर कच्चे पुरावे वाटत फिरण्याची मुभा आपल्याला कोणी दिली?

कुरआनने ‘इल्म’ आणि ‘जन्न’ यांत स्पष्ट भेद केला आहे. इल्म म्हणजे ज्ञान. जन्न म्हणजे अटकळ, ज्याला उर्दूत आपण गुमान म्हणतो. गुमान सत्याची जागा घेऊ शकत नाही, अशी शिकवण सूरह यूनुस (१०:३६) आणि सूरह नज्म (५३:२८) यांत आहे. मराठीत ‘गुमान’ या शब्दाला गर्वाचीही छटा आहे. माणसाच्या स्वभावाची केवढी ओळख या एका शब्दात आहे! अटकळ फार काळ जवळ बाळगली की, तिचा अभिमान वाटू लागतो. आणि अभिमान वाटू लागला की, ती सोडणे म्हणजे स्वतःचा पराभव वाटू लागतो.

येथे एखादा विचारी वाचक मला अडवून विचारेल, आणि त्याने विचारावेच: ‘मौलाना, ही कसोटी तुमच्यावरही उलटत नाही का? विज्ञान बदलले की, तुम्हीही आयतींचा अर्थ बदलून सावरून घेता. मग ईमान हाही एक सिद्धान्त, ज्यात तुम्ही भर घालत राहता?’

या प्रश्नाला बगल देणे योग्य नाही. माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग कबुलीचा आहे. आपले काही पूर्वज असे करून गेले. सात आकाशांचा मेळ त्यांनी त्या काळच्या ग्रीक खगोलशास्त्रातील सात ग्रहगोलांशी घातला. ते खगोलशास्त्र कालबाह्य झाले. पडले ते माणसांनी केलेले जोडकाम. मूळ वचन जिथे होते तिथेच राहिले. म्हणजे ज्याला आपण तफसीर म्हणतो, त्यातील असा भाग हा मानवी समज आहे, आणि मानवी समजेला वरील तिन्ही कसोट्या लागू आहेत. तिला यकीनचा दर्जा देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा भाग असा की, ईमान हे एखाद्या कणाचे वस्तुमान सांगण्यासाठी मांडलेले गृहीतक नव्हे. हिग्ज १२५चा असता वा १४०चा, या विश्वाला निर्माणकर्ता आहे आणि मला त्याच्यासमोर उभे राहायचे आहे, या विश्वासात त्यामुळे काही फरक पडला नसता. त्याची कसोटी वेगळी आहे आणि ती सोपी मुळीच नाही. कोणी पाहत नसताना माझे माप पुरे असते का? अनाथाचा वाटा, बहिणीचा वारसाहक्क मी देतो का? सत्य माझ्याविरुद्ध जाते तेव्हा मी साक्ष देतो का? जो माणूस ही कसोटी टाळतो आणि प्रयोगशाळेतून ईमानचे प्रमाणपत्र मागतो, त्याने चुकीच्या दारावर थाप मारली आहे.

मान्य आहे की, दोन्ही भागांमधील सीमारेषा कधीकधी धूसर असते. कोणती गोष्ट निश्चित शिकवण आणि कोणती आपली समज, याबद्दल विद्वानांतही मतभेद होतात. म्हणूनच आपल्या फिकहमध्ये ‘कतई’ म्हणजे निःसंशय आणि ‘जन्नी’ म्हणजे संभाव्य, असे दर्जे आहेत. इमाम शाफिई (रह.) यांनी इराकमध्ये दिलेली अनेक मते इजिप्तमध्ये आल्यावर बदलली; त्यांच्या फिकहमध्ये ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ अशी नोंदच आहे. आपल्या कोकणातील मुस्लिम बांधव ज्यांच्या मार्गाने नमाज पढतात, त्या इमामांना मत बदलण्यात कमीपणा वाटला नाही. प्रामाणिक प्रयत्न करूनही निर्णय चुकला तरी एक पुण्य आहे, ही हदीसची शिकवण आपल्याला धीर देते. हे पुण्य प्रयत्नाचे आहे, हट्टाचे नाही.

आता हा विषय आपल्या घरात आणू या, कारण गुमान केवळ प्रयोगशाळेत राहत नाही. एखाद्या सासूच्या मनात येते की, सून आपल्याला परके मानते. सून हसून बोलली, तर ‘वरवरचे आहे’. गप्प राहिली, तर ‘पाहा, बोलतसुद्धा नाही’. आजारपणात सेवा केली, तर ‘लोकांना दाखवण्यासाठी’. प्रत्येक विरुद्ध पुराव्यासाठी एक नवी भर! कोणत्याही घटनेने खोटा ठरू शकणार नाही असा हा संशय तयार होतो, आणि त्यालाच आपण ‘मी माणसे ओळखतो’ असे म्हणतो. भावाभावांतील वाद, शेजाऱ्याबद्दलचे ग्रह, दुसऱ्या जमातीच्या माणसांबद्दलच्या आपल्या समजुती, आणि आपल्याबद्दलच्या त्यांच्याही, सर्वांची जडणघडण हीच. सूरह हुजुरात (४९:१२) पुष्कळशा संशयापासून दूर राहण्याची आज्ञा देते आणि काही संशय हे पापच असल्याचे बजावते. सूरह बनी इस्राईल (१७:३६) सांगते की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांना जाब विचारला जाणार आहे. अशा प्रसंगी स्वतःला विचारावे: तिने काय केले, तर मी माझे मत बदलेन? या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर दोष तिच्यात शोधू नये.

सर्नच्या प्रयोगांतील हजारो संशोधकांनी वर्षानुवर्षे श्रम करून, ज्या कणांची अनेकांना मनापासून आस होती, त्यांच्याबद्दल ‘सापडला नाही’ असे लिहून जगासमोर ठेवले. सिद्धान्ताचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही. कदाचित एखादा विस्तार उद्या खरा ठरेल, कदाचित सगळेच मागे पडतील. पण ‘सापडला नाही’ हे शब्द जसेच्या तसे लिहिणे ही अमानतदारी आहे, आणि ती जिथे दिसेल तिथे तिचा आदर करणे आपले कर्तव्य आहे. आपले मुफ्ती फतव्याच्या शेवटी ‘वल्लाहु आलम’ लिहितात, ते याच जाणिवेने: मी माझ्या परीने सांगितले, खरे ज्ञान अल्लाहला आहे. हे दोन शब्द फतव्यापुरते न ठेवता आपल्या मतांच्या, संशयांच्या आणि पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशांच्या शेवटीही मनात उच्चारले, तर कितीतरी घरे आणि कितीतरी तरुण मने वाचतील.

अल्लाह आपणा सर्वांना गुमान आणि यकीन यांतील फरक ओळखण्याची सद्बुद्धी देवो, सत्य समोर येताच ते स्वीकारण्याचे बळ देवो, आणि जे ठाऊक नाही तिथे थांबण्याची नम्रता देवो. आमीन. वल्लाहु आलम.